हरण्यासाठी मागितलेली दुआ

इथे आखातात, जुफैरमधल्या आमच्या इमारतीखाली रत्नागिरीच्या एका चाचांचं किराण्याचं दुकान आहे. जवळच्या अमेरिकन नौदलाच्या तळावरच्या गिऱ्हाइकांनी त्यांना अमेरिकन फुटबॉलचं वेड लावलंय. क्रिकेटचं नाव काढलं तर चाचा जांभई देतात. संघ मात्र त्यांनी असा निवडलाय, की सप्टेंबरात सुरू झालेला हंगाम चाचांपुरता दिवाळीलाच खलास होतो.

यंदा शेवटच्या सामन्याआधी मी सांत्वन करायला गेलो, तर चाचा खुशीत!

"भाऊ, हा सामना पण हरलो की आम्ही सगळ्यात खाली. आणि जो सगळ्यात खाली, त्याला कॉलेजातला नवा खेळाडू पहिला निवडायला मिळतो. दुआ करा, इंशाल्ला हरू!"

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "नापासाचा पहिला मान? तुमच्या शाळेत हवा होता हा नियम."

सोमवारी सकाळी दूध आणायला उतरलो. चाचांचा आवाज पार बसला होता. संघ चक्क जिंकला होता आणि पहिली निवड हातची गेली होती.

"वाईट झालं, चाचा," मी चेहरा पाडून म्हणालो.

"वाईट कसलं? शेवटच्या मिनिटाला आमचा पोरगा बॉल घेऊन सुटला. धावत्या पोराला पड कसं म्हणायचं हो? मीच ओरडलो, यल्ला, पळ!"

दुकानात येईल त्याला चाचा फुकट करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा पाजत होते. मी तर प्रामाणिकपणे हरण्याचीच दुआ केली होती. तरीही दोन कप प्यायलो.