न दिलेला तिसरा भाग

सदूभाऊ गेल्याची बातमी मला शाळेत कळली. आठवीच्या वर्गावर होतो. शिपाई दाराशी येऊन उभा राहिला आणि आत न येताच म्हणाला, "मास्तर, पुण्याहून एसटीवाल्यानं निरोप आणलाय. सदूभाऊ गेले..." मी खडू फळ्याखाली ठेवला. मुलं न सांगता उभी राहिली. बरीच मुलं संध्याकाळी सदूभाऊंच्या पायरीवर बसणारी होती. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मास्तर, आता पुढचा भाग कोण देनार?" एरवी अशा प्रश्नाला वर्ग खिदळला असता. त्या दिवशी कोणी हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता.

पौडबाहेरच्या वाचकांना हा 'पुढचा भाग' म्हणजे काय ते सांगायला हवं. सदूभाऊ दिवसा भातगिरणीत कारकून होते आणि संध्याकाळी गावचं वाचनालय उघडायचे. वाचनालय म्हणजे चावडीमागची एक खोली, दोन कपाटं आणि बाहेर दगडी पायरी. तरुणपणी पुण्यात एका छापखान्यात ते पुस्तकबांधणी शिकले होते. ती विद्या त्यांनी इकडे उलटी वापरली. नवी कादंबरी आली की ते तिची शिवण उसवायचे, तिचे चार-पाच भाग करायचे आणि प्रत्येक भागाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालायचे. प्रत एक आणि वाचणारी पोरं भारंभार, म्हणून ही युक्ती. एकाकडे पहिला भाग असताना दुसऱ्याकडे दुसरा. मी शहरात शिकून आलेला मराठीचा शिक्षक. पहिल्यांदा त्यांना पुस्तक उसवताना पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

"अहो सदूभाऊ, पुस्तकाची खांडोळी करताय!"

"मग काय करू, मास्तर? कपाटात अख्खं ठिवून त्याची पूजा करू?"

खरी गंमत पुढेच होती. एक भाग वाचून झाला की पोरानं पायरीवर येऊन बसायचं. सदूभाऊ गोष्ट विचारायचे नाहीत, तात्पर्य तर नाहीच नाही. ते विचारायचे, "त्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?" उत्तर दिल्याशिवाय पुढचा भाग मिळायचा नाही. आणि आपापसात भाग बदलायला सक्त मनाई, कारण मग हे उत्तर हुकायचं. एका कादंबरीत नायक मित्राची चोरी पोटात घालतो. ते वाचून आलेला बबन म्हणाला, "म्या आदी त्येला चोपला असता. मग लपिवला असता." सदूभाऊ पोट धरून हसले आणि ती कादंबरी संपल्यावर त्यांनी बबनला दोन भावांच्या भांडणाची कादंबरी दिली. बबनचं त्याच्या थोरल्या भावाशी पटत नव्हतं, हे मी वर्षभर शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्या काळी पुस्तकंच नव्हती म्हणा ना. एकीकडे राजा-राणीच्या गोष्टी, दुसरीकडे मोठ्यांच्या कुलूपबंद कादंबऱ्या. त्या मधल्या वयाला काय द्यावं, हे सदूभाऊ पोराच्या उत्तरावरून ठरवायचे. "वय इचारून काय कळतंय?" ते म्हणायचे, "हितं येका घरात चौदाचं पोरगं नांगर धरतंय आन् येका घरात त्येला आई भरिवतीय."

चंद्रा याच पायरीवर आली. ज्ञानबाची मुलगी, सातवी पास होऊन घरी बसलेली. मुली तेव्हा थोड्याच यायच्या, पण यायच्या. पहिल्याच कादंबरीत नायिका पानंच्या पानं रडते. त्यावर ही म्हणाली, "मी नसते रडले. रडाया येळ कुटं हाय? म्हशी कोन धुनार?" सदूभाऊंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्यांना चांगला वाचक सापडला की ते असंच करायचे.

आता माझ्या चुकीकडे येतो. त्या वर्षी लावणी उरकल्यावर सदूभाऊंची बहीण आजारी पडली आणि ते चांद्याला तिच्याकडे गेले. वाचनालय माझ्यावर सोपवलं. चंद्रा तेव्हा एक कादंबरी वाचत होती. नाव मुद्दाम देत नाही, लिहिणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. मनाविरुद्ध ठरलेलं लग्न टाकून एक मुलगी शहरात जाते, अशी गोष्ट. दुसऱ्या भागात ती घर सोडते. तिसऱ्या भागात तिचे हाल होतात. गावच्याच थांब्यावर गाडीत बसल्यामुळे ती ओळखली जाते, पाठलाग होतो, शहरात उपाशी हिंडावं लागतं. चौथ्या भागात ती शिकते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते. चंद्रा दुसरा भाग परत घेऊन आली. तिसरा बबनकडे होता आणि बबन मामाकडे गेला होता. ती म्हणाली, "मास्तर, चौथा तरी द्या. मग याया जमनार न्हाई." मी तिला काहीही न विचारता चौथा भाग देऊन टाकला. मुलीची वाचनाची ओढ मोडू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

पुढच्या आठवड्यात चंद्रा घरातून गेली. तिचं लग्न ठरलं होतं, हे मला तेव्हा कळलं... मुलगा चाळिशीचा, बिजवर. ज्ञानबा काठी घेऊन वाचनालयात आला. सदूभाऊ आदल्याच संध्याकाळी परतले होते. मी मध्ये पडलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पुस्तक मी दिलं, तेही मधला भाग गाळून. हे मी स्वतःचा मोठेपणा म्हणून लिहीत नाही. त्या कबुलीचा काडीचाही उपयोग झाला नाही. ज्ञानबा मला म्हणाला, "तुमी देवमानूस हायेत, मास्तर. दुसऱ्याचं पाप डोक्यावर घिऊ नगा. ही पुस्तकं फाडून वाटायची कामं ह्या सदूचीच हायेत." जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. शिकलेल्या माणसाला गाव असं सहज सोडून देतं. सदूभाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं. पंचांनी ठरवलं की मुलींना कादंबऱ्या द्यायच्या नाहीत. त्या संध्याकाळपासून पायरीवर मुली दिसेनाशा झाल्या.

मी सदूभाऊंची पुन्हा पुन्हा माफी मागितली. ते म्हणायचे, "सोडा वो. माज्या हातूनबी झालं असतं." एकदा मी चिडून म्हणालो, "नसतं झालं. तिसरा येईपर्यंत तुम्ही चौथा हातातून सोडला नसता." यावर ते गप्प बसले. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. त्या गप्प बसण्याचा मला फार काळ त्रास झाला. चंद्रा पुण्यात मावशीकडे पोहोचल्याचं कळलं. पुढे मावशीच्या नवऱ्यानं तिला ठेवून घेतलं नाही, ती लोकांकडे धुणीभांडी करते, असंही कळलं. प्रत्येक बातमी आली की मला तो तिसरा भाग आठवायचा. तिनं तो वाचला असता तर ती गेलीच नसती, किंवा जरा सांभाळून गेली असती, असं मी धरून चाललो होतो. घर सोडणं आणि सुखी होणं एवढंच मी तिला दाखवलं, मधली किंमत गाळून टाकली. काही वर्षांनी तिचं बस्तान बसलं. ती शिवणकामाची शिक्षिका झाली, तिनं स्वतः जुळवून लग्न केलं. आईमुळे घरी येणं-जाणंही सुरू झालं. गाव विसरलं. मी मात्र ती आल्याचं कळलं की दुसऱ्या आळीनं जायचो.

सदूभाऊ मात्र स्वस्थ बसले नव्हते. ते मुलांना भाग देताना सांगायला लागले, "घरी मोठ्यानं वाचायचं. मनात वाचलेलं मला चालायचं न्हाई." पोरं कंदिलाशी बसून मोठ्यानं वाचायची आणि बहिणी भाकरी थापता थापता ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी पायरीवर प्रश्न दोन असायचे. तू काय केलं असतंस, आणि तुझी बहीण काय म्हणाली? पंचांचा ठराव मोडला नाही आणि कादंबरी घरात गेली. एका पोरानं तक्रार केली, "भाऊ, बहीन म्हनती पुढचा भाग लवकर आन, न्हाईतर जेवाया वाढनार न्हाई." सदूभाऊ त्या दिवशी इतके खुशीत होते की गिरणीतल्या हमालांनाही त्यांनी ते सांगितलं.

या वर्षी त्यांना पुण्याला इस्पितळात हलवावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, फार वाळले होते. इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हणाले, "चंद्रा यिऊन गेली. तिला भेटा येकदा." मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "बघू." ते हसले आणि म्हणाले, "बघू न्हाई, भेटा." मी विषय बदलला... ती आमची शेवटची भेट. त्या बदललेल्या विषयाचं ओझं घेऊनच मी त्यांच्या दहाव्याला गेलो.

दहाव्याला चंद्रा आली होती. विधी झाल्यावर मी नेहमीप्रमाणे कडेनं निघालो, तर ती सरळ समोर येऊन उभी राहिली. अंगापिंडानं भरलेली, डोळ्यांवर चष्मा. बोलणं आता पुण्याचं झालं होतं, पण रोखून बघणं तेच. "मास्तर, तुम्ही मला टाळता. भाऊंनी सांगितलं मला का ते," ती म्हणाली. मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "तिसरा भाग मी वाचला होता."

मला काही उमजेना. तिनं सांगितलं ते असं. बबनचं घर तिच्या शेजारीच. मामाकडे जाताना तो तिसरा भाग घरातल्या फडताळात ठेवून गेला होता. चंद्रानं त्याच्या आईकडून तो मागून घेतला, म्हशींमागे बसून एका दुपारी वाचला आणि परत ठेवला. भाग बदलायला मनाई होती, म्हणून माझ्यापाशी बोलली नाही. "वाचला नव्हता म्हणून चौथा मागितला नव्हता, मास्तर. वाचला होता म्हणून मागितला. आणि तिसरा वाचूनच मी गेले. ती बाई स्वतःच्या गावच्या थांब्यावर गाडीत चढली आणि सापडली, म्हणून मी उजाडायच्या आत निघून पार पुढच्या भुकूम गावापर्यंत चालत गेले, तिथनं एसटी धरली. ती उपाशी हिंडली, म्हणून मी भाकरी बांधून घेतल्या. मावशी दोन दिवस गावाला गेलेली निघाली, तेव्हा त्या भाकरींवर काढले."

"पण नंतर तुला धुणीभांडी..." मी कसंबसं म्हटलं.

"केली की. त्या बिजवराच्या घरी काय वेगळं केलं असतं? तिथं पगार तरी मिळायचा." ती हसली. "भाऊंना मी इस्पितळात हे सांगितलं तर त्यांनी मला चार वेळा विचारलं, खरंच वाचला होतास? मग डोळे मिटून पडून राहिले. म्हटलं, मास्तरांना तुम्हीच सांगा. तर म्हणाले, मी सांगितलं तर त्यास्नी वाटंल समजूत काढतोय. तूच सांग."

लोक आजूबाजूला होते म्हणून मी रडलो नाही, एवढंच. इतकी वर्षं मी त्या मुलीला आंधळेपणानं घराबाहेर पडलेली समजत होतो. ती डोळे उघडे ठेवून गेली होती. माझी चूक चूकच होती, न विचारता चौथा भाग देण्याची. पण तिचं आयुष्य माझ्या त्या चुकीवर उभं नव्हतं. सदूभाऊंच्या जाण्याचं दुःख आणि ही सुटका, दोन्ही त्या सकाळी एकत्रच माझ्याबरोबर होती. घरी परतताना पाय इतके हलके होते की मला माझीच लाज वाटली.

पंधरवड्यानंतर मी वाचनालय उघडलं. पहिल्याच संध्याकाळी ज्ञानबा आला, आता पार वाकलेला. बरोबर त्याची नात, चंद्राच्या भावाची मुलगी सुमन. मी उठून उभा राहिलो. तो म्हणाला, "मास्तर, चंद्रा समदं सांगून गेली. ती कादंबरी हाय का अजून? हिला द्या. समदे भाग येकदम द्या." मी कपाट उघडलं. जुन्या कॅलेंडरांच्या कव्हरांतले ते भाग सदूभाऊंनी एका सुतळीत बांधून ठेवले होते. सुमननं ते घेतले आणि घरी जायला वळली, तर म्हातारा पायरीवर बसला. "हितंच वाच. मोठ्यानं. मी त्या पुस्तकाला लई शिव्या दिल्या, पर त्याच्यात हाय काय ते मला कदी कुनी सांगितलंच न्हाई."

तेव्हापासून दोघं रोज येतात. सुमन वाचते, ज्ञानबा काठीवर हनुवटी टेकून ऐकतो, मी आत पुस्तकं लावत असतो. सदूभाऊंसारखं पोरांच्या उत्तरावरून पुस्तक निवडणं मला अजून साधत नाही, पण शिकतो आहे. परवा आजोबा-नातीचा तिसरा भाग सुरू झाला. नायिका शहरात उतरली, पदरात काही नाही, एका फाटकाशी बसून लोकांच्या हातांतल्या खाण्याच्या पुड्यांकडे बघते आहे, असं सुमन वाचत होती. म्हाताऱ्यानं हात वर करून तिला थांबवलं. मी दाराशी आलो. तो माझ्याकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

"आमची चंद्रा भाकरी घिऊन गेली हुती," तो म्हणाला. "हं... वाच फुडं."