सातव्या मजल्यावरचं दार

खोडण्याच्या कामात ब्लेडकाकांचा हात धरणारा आमच्या ऑफिसात कोणी नव्हता. तेव्हा नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईने काढत. चूक झाली की ती दाढीच्या अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागे, आणि नवशिक्याच्या हातून कागदाला भोक पडलंच म्हणून समजा. काकांच्या हातून कधी पडलं नाही. साहेब म्हणजे आमचे मोठे आर्किटेक्ट. ते म्हणायचे, "याला सांगितलं तर हा अख्खी बिल्डिंग गायब करेल." सगळे हसायचे, काकाही हसायचे. मी जुन्या नकाशांची खोली सांभाळते. हसणं हा माझा स्वभाव नाही, पण मीही हसायचे.

काका कामाला लागले तेव्हा लढाई नुकतीच संपली होती. अर्धं शहर पडलेलं. लोकांना राहायला घरं आणि बसायला कचेऱ्या हव्या होत्या, त्याही कालच्या काल. आमच्या फर्मने त्या वर्षांत कचेऱ्यांचे उंच मनोरे उभे केले, आणि रहिवासी इमारती तर विचारूच नका. काटकसर करील तो शहाणा, असे दिवस होते. दहा मजली इमारतीतली लिफ्ट फक्त तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या मजल्यावर थांबायची. मधल्यांनी जिना वापरावा. राहायला आलेले सगळे तरणेताठे, कोणाची तक्रार नव्हती. ऑफिसातल्या लोकांना त्यातली मधल्या मजल्यांवरची घरं मिळाली. काकांना सातव्यावर मिळालं.

सातव्यावरून सहाव्यावर यायला अठरा पायऱ्या. चार वर्षांपूर्वी काकूंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अठरा पायऱ्या डोंगर झाल्या. शेजाऱ्यांनी दोनदा त्यांना खुर्चीत बसवून उतरवलं. दुसऱ्या वेळी वळणावर एकाचा पाय घसरला, खुर्ची कलंडली, आणि काकू म्हणाल्या, आता पुरे. त्यानंतर त्या खाली उतरल्याच नाहीत. काकांनी घर बदलून घ्यायची खटपट केली, पण लिफ्टच्या मजल्यावरचं घर कोण सोडतो? सुरुवातीला काकू खिडकीतून खालच्या बायकांशी ओरडून बोलायच्या. हळूहळू तेही बंद झालं.

परवा सकाळी काका धापा टाकत माझ्या खोलीत आले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी खुर्ची ओढून हक्काने बसले.

"बाई, आमच्या बिल्डिंगचा नकाशा काढा. लिफ्टच्या भिंतीत प्रत्येक मजल्यावर दाराची जागा सोडलेली आहे. वर तुळई, खाली नुसत्या विटा. पुढेमागे लागलं तर विटा फोडायच्या. मी माझ्या हाताने काढलीये ती. आज पहाटे एकदम आठवलं."

"म्हणजे सातव्यावर लिफ्ट थांबेल?"

"थांबेल म्हणजे काय, थांबणारच. हिला सांगूनही आलो."

"आधी बघायचं, मग सांगायचं," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

गुंडाळी उलगडून मी काचेच्या टेबलावर पसरली. लिफ्टची भिंत खालपासून वरपर्यंत सलग काँक्रीटची होती. काका म्हणाले, हा दुसरा असेल, नीट शोधा. दुसरा नव्हता. मी काचेखालचा दिवा लावला. जिथे लिफ्ट थांबत नाही त्या सातही मजल्यांवर, भिंतीच्या जागी, कागद पातळ झालेला होता. उजेड तिथून जास्त येत होता. इतकं सफाईने खरवडलेलं की दिव्याशिवाय कोणाच्या बापाला कळलं नसतं. खाली कोपऱ्यात दुरुस्त्यांची यादी असते. त्यातली तिसरी नोंद मी मोठ्याने वाचायला घेतली आणि मध्येच थांबले. "लिफ्टच्या भिंतीतील अनावश्यक दारे रद्द. सूचना व दुरुस्ती," आणि पुढे काकांची बारीक सही.

काकांनी त्या सहीवर बोट ठेवलं.

"मीच गेलो होतो साहेबांकडे," ते म्हणाले. "नवीन होतो. म्हटलं, फुकटची तुळई कशाला, फुकटच्या विटा कशाला. साहेबांनी पाठ थोपटली." मग म्हणाले, "दारं आठवली, बाई. हे कसं नाही आठवलं?"

शेजारच्या खोलीतल्या इंजिनिअरला बोलावलं. तो म्हणाला, "वर तुळई नाही, सगळा भार या भिंतीवर आहे. भोक पाडायचं नावही काढू नका." मला काकांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त कीव. ते म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. एकट्याने नाही जमणार." मी गेले.

काकू दाराजवळच खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले, पायात बाहेरचे बूट.

"दार नाहीये गं," काका म्हणाले. "साहेबांनी नंतर काढून टाकलं."

मी भिंतीकडे बघत राहिले. काकूंनी मेलेल्या साहेबांना शिव्यांची लाखोली वाहिली. दम लागला तशा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तेव्हा नवीन होते ना, यांना कोण विचारणार? विचारलं असतं तर यांनी काढू दिली नसती ती दारं. हो ना बाई?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

काका खाली वाकले आणि काकूंच्या बुटाची नाडी सोडायला लागले. काकूंनी पाय मागे घेतला.

"राहू देत हो," त्या म्हणाल्या. "घातलेच आहेत तर राहू देत आज."

काका तसेच जमिनीवर बसून राहिले. मी जिन्याने सहाव्यावर उतरले आणि लिफ्टचं बटण दाबलं.