वच्छलाआत्याचं अळणी वरण

आत्याच्या शेजारच्या कौसाकाकूंचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरच्या स्टँडवर शाळेला जायच्या बसची वाट पाहत होते. "पोरी, तुही आत्या गेली... काच पुसली, चहा घेतला अन् खुर्चीतच मान टाकली." अशा वेळी माझ्या तोंडून काय निघावं? "सगळ्या काचा पुसून झाल्या होत्या का?" काकू म्हणाल्या, "तिन्ही." तेव्हा कुठे मला रडू फुटलं. आता महिना उलटून गेला, पण त्या प्रश्नाची मला लाज वाटत नाही. आत्याला तो आवडला असता.

वच्छलाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. केनवडच्या अलीकडच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवून रिटायर झालेली. आमच्या बोअरचं पाणी खारं. त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि चहातलं दूध कधी फाटेल याचा नेम नाही. एका उन्हाळ्यात कुठल्याशा कॉलेजची माणसं तिच्या गच्चीवर तीन पेट्या मांडून गेली. तळाला काळा रंग, वर तिरकी काच. आत खारं पाणी ओतायचं, उन्हानं त्याची वाफ व्हायची, ती काचेला लागून थेंब थेंब पन्हाळीतून कॅनमध्ये उतरायची आणि मीठ मागे राहायचं. दिवसाकाठी जेमतेम एक कळशी भरायची. पण आत्या त्या पेट्यांच्या प्रेमातच पडली. सकाळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं काचा लख्ख पुसल्याशिवाय चहाला हात लावत नसे. कावळा काचेवर बसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

अडचण एकच, ते पाणी कोणी पिईना. जन्मभर खारं प्यालेल्या जिभांना ते फिक्कं लागायचं. कौसाकाकू तर तोंडावर म्हणायच्या, "वच्छले, या पाण्याले चवच नाई. कायले पाजून राह्यली?" कॉलेजवाले बजावून गेले होते की पावसाळ्यापर्यंत गावानं पाणी वापरलं नाही तर पेट्या दुसऱ्या गावाला देऊ. त्या विचारानं आत्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

बुद्धपौर्णिमेला तिनं आठवडाभर साठवलेल्या त्या पाण्यात पंगतीचं वरण शिजवलं. डाळ लोण्यासारखी मऊ झाली, आत्या खुशीत. पंगत बसली, पहिला घास गेला आणि जो तो शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहू लागला... शेवटी माझे वडील हळूच म्हणाले, "अक्का, मीठ विसरली काय?" आत्या हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली. "विसरली नाई. रोजच्या मापानंच टाकलं." मग तिचे डोळे चमकले. "म्हंजे बाकीचं मीठ आपल्या बोअरचं होतं. इतकी वर्षं आपण सारे मीठ पिऊन राह्यलो होतो." पंगतीत हशा पिकला. मिठाचा डबा हातोहात फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर पहिला तांब्या घेऊन आल्या त्या कौसाकाकूच. पेट्या राहिल्या. पुढे पाणी वाटताना आत्या ही फजिती येईल त्याला रंगवून सांगायची, आणि दर वेळी वरण आणखी थोडं अळणी व्हायचं.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावानं वंदना आणि जेवण असतं त्या दिवशी सकाळी काचा मी पुसल्या, चहाच्या आधी. स्वयंपाक कौसाकाकूंकडे होता. प्यायला पेटीचं आणि रांधायला बोअरचं, ही त्यांच्या घरची रीत. पण त्या दिवशी त्यांनी हट्टानं वरणाला साठवलेलं पेटीचं पाणी घेतलं. मी पहिला घास घेतला... अळणी. पंगत थबकली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. काकूंनी बोट बुडवून चव घेतली आणि कपाळावर हात मारला. "मीठ टाकतानी हात बोअरचाच राह्यला ना माहा." आधी कोण हसलं कुणास ठाऊक, पण हसता हसता सगळ्यांचेच डोळे भरले. मिठाचा डबा पुन्हा फिरू लागला. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो तसाच पुढे दिला आणि आणखी वाटीभर वरण मागून घेतलं.