टेस्टर पेटलाच नाही

ती घटना आठवली की मला आजही हसू येतं, आणि पाठोपाठ संतापही.

बडोद्यात वाडी भागातल्या एका मराठी घरी लग्नाची तयारी चालू होती. भर दुपारी तोंडाला रुमाल बांधलेला माणूस आला. "वायरमनभाईंनी पाठवलंय, रोषणाईआधी वायरिंग तपासायचंय," म्हणाला आणि कपाटातल्या पाटल्या घेऊन पसार झाला. घरमालकांनी आमच्या ठाण्यात दिलेल्या तक्रारीत थेट आपल्या नेहमीच्या वायरमनवरच संशय घेतला. पोळातली, म्हणजे त्या गल्लीतली, माणसं गावाला जाताना ज्याच्याकडे किल्ल्या ठेवत, त्याला आता कोणी उंबऱ्याच्या आत घेईना.

"अटक करा," असा वरून फोन आला. मी भडकलो. पुरावा नसताना अटक करणार नाही म्हणालो. त्या उत्तराने माझं त्या वर्षीचं खात्याचं बक्षीस बुडालं, हे मी अजून विसरलेलो नाही.

मग आमच्या पानवाल्या खबऱ्याने टीप दिली: पाणीगेटजवळ एक जण वायरमनची पिशवी घेऊन लग्नघरांची चौकशी करतोय. त्याला ठाण्यात आणलं. झडतीत पक्कड, टेप, टेस्टर मिळाले, पाटल्या नाहीत.

"साहेब, लहानपणापासून हेच काम करतो," तो छातीठोकपणे म्हणाला.

आता मी कोणाच्या वशिल्याने पोलिसात आलो नव्हतो. भरतीआधी मकरपुऱ्यात वायरिंग करून पोट भरलं होतं. मी हवालदाराचा चालू चार्जर प्लगमधून उपटला, त्याचाच टेस्टर त्याच्या हातात दिला. पेचकसासारखा, मुठीत छोटा दिवा असलेला, जुन्या पद्धतीचा. "बघ, करंट आहे का?"

त्याने प्लास्टिकची मूठ घट्ट धरून टोक प्लगमध्ये घातलं. दिवा पेटला नाही.

"पॉवर नथी, साहेब."

जबाबासाठी बाकावर बसवलेला आमचा वायरमन इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला. "अरे भाई, मागच्या टोपीवर बोट ठेव! बोट लावल्याशिवाय तो कधी पेटलाय?"

सगळं ठाणं हसलं. त्या हसण्यापुढे गड्याचा धीर सुटला. पंचांसमक्ष त्याने भाड्याच्या खोलीतून पाटल्या काढून दिल्या. घरच्यांनी त्या ओळखल्या.

घरमालक खजील झाले. "वायरमनला फोन करतो," म्हणाले.

"फोन चालणार नाही."

"बरं, चहाला बोलावतो."

"नाही. जोडीने त्याच्या दारी जा, लग्नाच्या आमंत्रणाची अक्षत द्या, पोळासमोर माफी मागा."

"साहेब, तुम्ही तर मंगळबाजारासारखी घासाघीस करताय!"

"करतोय. आणि यात कमी होणार नाही."

ते गेले. वायरमनने अक्षत कपाळाला लावली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, आता मी पाहुणा. बल्ब लावायला दुसरा माणूस शोधा." सगळा पोळ हसला. दुसऱ्या दिवशी तोच शिडीवर होता, आणि खालून त्याच घरच्या काकू किल्ल्यांचा जुडगा दाखवत ओरडत होत्या, "भाई, आम्ही देवदर्शनाला निघालो, घर सांभाळा!"

चोर पकडला की पोलिसाचं काम संपतं, असं मला शिकवलं होतं. या केसने शिकवलं की चारचौघांत गेलेलं नाव चारचौघांतच परत मिळवून द्यावं लागतं. आणि ते मिळताना बघण्यासारखा आनंद नोकरीत दुसरा नाही.