माहेरचा संघ, सासरचा संघ

इस्पितळाच्या तळघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईंना कुणी व्हॉलीबॉल समजावून सांगायला लागलं, की त्या शेवटपर्यंत ऐकून घेत. मग विचारत, "तुम्ही कधी नेटजवळ उभे राहिलात का?" बहुतेकांची गाडी तिथेच थांबायची.

बाई स्वतः शाळेत खेळलेल्या. वडिलांच्या सायकलवर मागे बसून गावच्या संघाचा एकूण एक सामना त्यांनी पाहिलेला. तो माहेरचा संघ. माहेराचं नाव निघालं की बायका हळव्या होतात म्हणे. या होत नसत. "तेवीस गुणांपर्यंत वाघ, पुढे शेळी," एवढंच त्या म्हणत. पण चाळीस वर्षांत त्या संघाचा एक निकाल त्यांनी चुकवला नव्हता. लग्न होऊन या शहरात आल्यावर दहा वर्षं इथल्या संघाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे माहेरचा संघ खालच्या गटात घसरला आणि त्याचे सामने कुठे दिसेनासे झाले, तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ म्हणून त्यांनी सासरचा संघ पत्करला. पत्करला म्हणजे त्याच्याही चुका मोजायला लागल्या. माहेरचा संघ यथावकाश वर आला, तरी ही सवय सुटली नाही.

त्या वर्षी दोन्ही संघ बाद फेरीत पोचले. सासर पहिल्या क्रमांकाने, माहेर कसंबसं आठव्याने. पहिल्याची गाठ आठव्याशी, तीनपैकी दोन सामने जिंकेल तो पुढे.

बाद फेरी लागली आणि धाकट्या दिरांना खेळाचं प्रेम फुटलं. ते फरशांच्या दुकानात विक्रेते होते आणि बाकी सगळ्या विषयांत उंटावरचे शहाणे. हंगामभर एकदाही मैदानाकडे फिरकले नव्हते. आता सासरच्या संघाचा निळा मफलर गुंडाळून दारात उभे.

"वहिनी, तुमची पंचाईत झाली. ओरडणार कुणाच्या बाजूने?"

"ओरडायला तुम्ही आहात ना, भावोजी. मी बघायला जाते."

पहिला सामना सासरने जिंकला, दुसरा माहेरने. तिसऱ्याला रविवारी दुपारी बाई, त्यांचे यजमान आणि दीर असे तिघं गेले. यजमानांना दोन्ही संघ सारखेच, म्हणजे सारखेच नकोसे. ते वर्तमानपत्र घेऊन बसले. वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला खेळाडू कप्तान असतो, असं दिरांनी पुढच्या रांगेतल्या चार माणसांना ठणकावून सांगितलं. तो फक्त मागे राहून चेंडू उचलणारा गडी. बाईंनी चूक दुरुस्त केली नाही. चौघांनीही माना डोलावल्या, म्हणजे चौघंही त्याच लायकीचे.

पाचवा डाव, पंधरा गुणांचा. सासर चौदा, माहेर तेरा. सर्व्हिस माहेरच्या कप्तानाची. चौदा वर्षं बाई त्याला बघत होत्या.

"नेटमध्ये," त्या हळूच म्हणाल्या.

चेंडू नेटमध्ये गेला.

दिरांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. "वहिनी, तोंड का उतरलं? आपणच जिंकलो की."

"आपण कोण? गुण कसे मोजतात ते तुम्हाला गेल्या महिन्यात ठाऊक नव्हतं."

बाहेर पडताना कप्तान पिशवी खांद्याला लावून समोरून आला. बाई वाटेत उभ्या राहिल्या.

"सर्व्हिस करताना पाय आधी उचलतोस."

त्याने थांबून त्यांच्याकडे पाहिलं. "माहीत आहे, मावशी."

"माहीत आहे, तर मग उचलतोस कशाला?"

त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. उत्तर असतं तर जिंकला असता, असा बाईंचा हिशेब. यजमान म्हणाले, "चला, बस जाईल."

उपांत्य फेरीत सासरच्या संघाने सरळ तीन डावांत माती खाल्ली. तिसऱ्या डावाच्या अर्ध्यावरच दिरांचा मफलर खिशात गेला होता. "मला आधीपासून वाटत होतं, खरा संघ तो समोरचाच." दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्यात लाल मफलर. कात टाकायला सापालाही चार दिवस लागतात.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना अंतिम सामन्याच्याच दिवशी, दुपारी होता. यजमान म्हणाले, "हरलेल्यांचा खेळ कुणी बघतं का?"

"लावलाय ना सामना, मग बघायचा," असं म्हणून बाई एकट्याच गेल्या.

सभागृहात मोजून साठ माणसं. खेळाडू सहलीला आल्यासारखे खेळत होते. चेंडू पायाशी पडला तरी हसायचे, एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचे. बाईंनी एक डाव सहन केला. दुसऱ्यात तिसऱ्या रांगेतून म्हणाल्या, "हसता काय? पगार घेता ना?"

आवाज चढवला नव्हता, पण रिकाम्या सभागृहात तो सगळीकडे पोचला. पंचाने मान वळवली. हसणारा उंच खेळाडू कानापर्यंत लाल झाला आणि पुढचे दोन चेंडू त्याने जमिनीवर लोळून उचलले. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सासरने तोही सामना घालवला.

घरी दीर बाईंच्या सोफ्यावर पाय पसरून टीव्हीसमोर बसले होते.

"या वहिनी. काय चाललंय ते समजावून सांगतो."

"पाय खाली घ्या, भावोजी," म्हणून बाई बसल्या आणि अख्खा सामना पाहिला. लाल संघ जिंकला. दिरांनी सात जणांना फोन लावले. सातही जणांना सांगितलं, की आपण जिंकलो.

सोमवारी बाई आणि कामावरची जोडीदारीण इस्त्रीच्या तापल्या रोलरपाशी उभ्या होत्या. दोघींनी ओली चादर ताणायची, कोपरे सरळ धरायचे, बोटं सांभाळून आत सोडायची.

"कोण जिंकलं शेवटी?" जोडीदारणीने विचारलं.

"एक संघ जिंकला. दुसरा जास्त वाईट होता."

"आणि तुमच्या माहेरचा?"

"त्याच गाढवाला पुन्हा कप्तान केलंय. भावाचा फोन होता सकाळी." बाईंनी पुढची चादर उचलली, झटकली. "पुढच्या हंगामाचा पहिला सामना गावात आहे. रजेचा अर्ज देऊन आले."