पेंटरकाकांच्या घरातल्या पाट्या

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं गावभरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि साठी ओलांडल्यावर स्वतःच्या घराला हात घातला. डब्यावर 'साखर', बटणावर 'पंखा', खणावर 'चष्मा', मागच्या दारावर 'इथून बाहेर जाऊ नये'. सगळं ऑइलपेंटमध्ये, पेन्सिलीने रेघा आखून, दोन हात देऊन.

कारण साधं होतं. त्यांचे वडील सत्तरीत मुलांची नावं विसरले, थोरले भाऊ घरचा रस्ता विसरले. खाण तशी माती. आता नंबर आपला, हे काकांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांना फार भीती वाटायची, आणि भीती वाटली की ते ब्रश उचलायचे.

"आता माझ्या कपाळावर 'बायको' लिहा, म्हणजे झालं!" बायको म्हणायची. तिच्या माहेरची माणसं नव्वदीतही कोण कुणाला काय बोललं ते तारखेसकट सांगत. तिला कसली काळजी?

काका अडुसष्टचे झाले तेव्हा लेकीने त्यांचं रक्त तपासून घेतलं. "धोका वाढवणारा जनुक तुमच्यात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई-वडील दोघांकडून आलाय. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. तो असून काहींना काही होत नाही, आणि नसलेल्यांनाही होतं."

काकांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि घरी येऊन जिन्याच्या पायऱ्यांना आकडे घातले.

त्याला बारा वर्षं झाली. काका ऐंशीचे आहेत आणि कुठल्या गिऱ्हाइकाने कुठल्या पाटीत काय खोट काढली होती, तेसुद्धा त्यांना आठवतं. जनुक आपलं काम विसरला असावा.

विसरायला लागली ती बायको. आधी साखर, मग पंखा. हल्ली ती घरभर पाट्या वाचत फिरते आणि तिचं बरं चालतं. मागच्या दाराशी थांबते, वाचते, मुकाट्याने परत येते. पाट्या भलत्याच माणसासाठी केल्या होत्या, एवढंच.

मग एका सकाळी तिने लेकीला हळूच विचारलं, "हे आजोबा कोण गं? जेवायला थांबणार आहेत का?"

काकांना रडू आलं. डोळे पुसून त्यांनी तळहाताएवढा पत्रा कापला, रेघा आखल्या, दोन हात दिले. वाळल्यावर तो सदऱ्याला अडकवला आणि तिच्यासमोर जाऊन बसले.

तिने बोट ठेवून वाचलं, "नवरा." मग कौतुकाने त्यांच्याकडे बघितलं.

"अक्षर सुरेख आहे हो. कोणी काढलं?"