नाव न घेता केलेली प्रार्थना

त्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीत पावसाळाभर एकच विषय चालला होता, सैतानाशी लढाई. पाळकसाहेबांनी बायबलात सांगितलेल्या देवाच्या शस्त्रसामग्रीतलं एकेक शस्त्र दर रविवारी घेतलं. कमरपट्ट्याला एक रविवार, ढालीला दोन. शिरस्त्राणाच्या रविवारी तर देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त फौजीकाकांना उभं करून हेल्मेटचा पट्टा किती आवळायचा तेही विचारून झालं. शेवटचा प्रश्न ठरलेला, "तयार आहात का?" आम्ही हात वर करून "हो" म्हणायचो आणि घरी जाऊन मटणाला फोडणी द्यायचो. मला या तयारीचा मनस्वी वैताग यायचा.

पण खरा वैताग बुधवारचा. बुधवारी दुपारी आम्हा बायकांची प्रार्थनासभा आळीपाळीने एकेकीच्या घरी असते. गाणं, वचन, मग प्रार्थनेच्या विनंत्या, मग चहा-पोहे. लांबतात त्या विनंत्या. आमच्या सेक्रेटरीबाई डोळे अर्धे मिटून सुरू करायच्या, "नाव घेत नाही, पण आपल्यातल्याच एका बहिणीची मुलगी सासर सोडून आलीय. फार भार आहे हो मनावर." कोणाची मुलगी ते पोहे येईपर्यंत सगळ्यांना कळलेलं असायचं. घरी येऊन मी यांच्यापुढे करवादायचे, ही प्रार्थना आहे की चावडी? हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "मग जाऊ नकोस." न जाऊन कसं चालेल?

माझी धाकटी जाऊ एकलहऱ्याला वसाहतीत राहते. दीर तिथल्या वीज केंद्रात आहेत. सहा वर्षांपूर्वी भाऊजींनी दारू सोडली, त्याआधी तिने काय सोसलं ते मी जवळून पाहिलंय. एका सोमवारी ती आली आणि माझ्या ओट्याशी मेथी निवडता निवडता म्हणाली, "ताई, परत सुरू झालंय. अजून लय नाही. मला म्हणाले, कुणाला कळू देऊ नको, मी आपणहून थांबतो. तुम्ही कुठे बोलू नका." लाजेपायी माणूस आणखी बुडू नये, एवढंच तिला हवं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

त्याच बुधवारी सभा माझ्या घरी होती. सेक्रेटरीबाईंनी पुन्हा कुणाचा तरी संसार उसवायला घेतला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, खरी प्रार्थना कशी असते ते आज या बायांना दाखवतेच. उभी राहिले, डोळे मिटले, हात वर केले आणि रंगत गेले. "प्रभू, एकलहऱ्याच्या आमच्या भावाने पुन्हा बाटली धरलीय, तू ती सोडव!" इतकं दणदणीत आमेन माझ्या प्रार्थनेला कधी मिळालं नव्हतं. खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला बरं वाटलं. मग डोळे उघडले. सेक्रेटरीबाई पदराने डोळे टिपत होत्या. एकलहऱ्याला आमच्या मंडळीचं एकच घर आहे.

सैतान सिंहासारखा येतो म्हणून आम्ही दोन महिने दारं-खिडक्या लावत बसलो होतो. माझ्याकडे तो आला तेव्हा मी प्रार्थना करत होते.

शुक्रवारी पाळकसाहेब दोन वडीलधाऱ्यांना घेऊन एकलहऱ्याला गेले. हेतू चांगलाच होता. भाऊजींनी त्यांना पाणी दिलं, मान खाली घालून सगळं ऐकलं, ते गेल्यावर चपला घातल्या आणि संध्याकाळी झोकांड्या खात परतले.

रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. मनात कुणाबद्दल काही असेल तर मेजापाशी येण्याआधी मिटवून यावं, अशी आमची रीत. शनिवारी मी एकलहऱ्याला गेले. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. जाऊ चहा गाळत होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पण मी नाव नव्हतं घेतलं गं."

बोलले मात्र, आणि माझ्याच तोंडून सेक्रेटरीबाई बोलल्यासारखं वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावेने कप माझ्यापुढे ठेवला. "माझ्या मनात काही नाही, ताई. उद्या प्रभुभोजन घ्या खुशाल. फक्त यांच्यासाठी प्रार्थना करायची झाली तर तोंड मिटून करा."

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "तयार आहात का?" सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. शेजारी बसलेल्या सेक्रेटरीबाईंनी माझा हात दाबला आणि कानाशी येऊन अगदी मायेने विचारलं, "भाऊजी कसे आहेत आता? नेमकं काय झालं ते सांगा ना, म्हणजे तशी प्रार्थना करता येईल."

सांगायला कितीतरी होतं. मी तोंड उघडलंसुद्धा होतं. मग मिटलं.